सगळ्यांनी आत जायचं

गारखेडा, छ. संभाजीनगर
दि. १८ जानेवारी २०२६

चि. अपेक्षा हिला ताईआजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की तू फोनवर येत नाहीस. आलीस तरी नुसता आवाज, तोही तोंडावर उशी धरल्यासारखा. व्हिडिओ लावला की तुझ्या आजोबांचं कपाळ दिसतं, नाहीतर गोठ्याचे पत्रे. राजेंद्र माझा धाकटा भाऊ आहे. त्याचं कपाळ मी त्याच्या जन्मापासून बघते आहे, त्यात नवीन काही नाही. मला तू दिसायला हवी होतीस.

काल तुझ्या आईने, प्रेरणाने, रडत रडत सांगितलं की गॅदरिंगनंतर तुझा चेहरा बिघडला, नाताळच्या सुट्टीपासून तू शाळेत गेली नाहीस आणि आता शाळाच नको म्हणतेस. सातवीतल्या पोरीने शाळा नको म्हणावं आणि घरातल्या चार मोठ्या माणसांनी माना खाली घालून ते ऐकावं, याला काय म्हणायचं मला समजत नाही. सगळी नोकरी मी टेलिफोन खात्यात केली. तक्रारी ऐकायची मला सवय आहे. पण तक्रार असलेल्या माणसाने आधी बोललं पाहिजे.

म्हणून पत्र. पत्रात चेहरा दिसत नाही, तेवढी सोय आहे. काय लावलंस, कुणी दिलं आणि कशासाठी, ते सविस्तर लिही. मी रागावणार नाही असं म्हणत नाही, ते खोटं ठरेल. पण तुझ्यावर रागावणार नाही, हे वचन.

हे पत्र तुझे बाबा आणतील. वाळूजची शिफ्ट सुटली की विश्वजीत माझ्याकडे चहाला थांबेल आणि टपाल नेईल. आत्याने मला पोस्टमन केलं म्हणून कुरकुरत होता. मी म्हटलं, पोस्टमन निदान वेळेवर येतो. तुझं उत्तर बंद पाकिटात दे. त्याने उघडलं तर मला कळेल.

रागीट पण तुझीच,
ताईआजी


फुलंब्री
दि. २२ जानेवारी

ती. ताईआजी यांना अपेक्षाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाबांनी पाकीट उघडलं नाही, फक्त उजेडात धरून बघितलं.

मी सगळं सांगते, पण तुम्ही लगेच कुणाला फोन करू नका. गॅदरिंगच्या नाचात मी पहिल्या रांगेत होते, कारण मला स्टेप सगळ्यांच्या आधी येतात. मग ड्रेस आले. ते पिवळे होते. मॅडम म्हणाल्या की पिवळा रंग उजळ मुलींवर उठून दिसतो, आणि आम्हा चौघींना मागच्या रांगेत केलं. मागं उभं राहिलं की फक्त पुढच्या मुलींच्या वेण्या दिसतात.

माझ्या मैत्रिणीच्या बहिणीने लग्नाआधी एक क्रीम लावली होती. तिची रिकामी ट्यूब घेऊन मी बस स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने काही विचारलं नाही, एवढंच सांगितलं की रात्री लाव. थोड्याच दिवसांत चेहरा एकदम उजळला. इथं आशाआजीने माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मॅडमनी मला परत पुढं घेतलं. नाच चांगला झाला, ताईआजी. लई टाळ्या पडल्या.

मग मी क्रीम बंद केली आणि चेहरा लाल झाला, पुळ्या आल्या, आग होते. परत लावली की कमी व्हायचं. बंद केली की परत. आता लावली तरी जात नाही. गालावर बारीक केस आलेत. आईला वाटतं मी कधीच सोडली, पण मी अजून लावते. तुम्ही म्हणाला होता माझ्यावर रागावणार नाही.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
अपेक्षा


गारखेडा
दि. १ फेब्रुवारी

चि. अपेक्षा हिला अनेक आशीर्वाद.

परवा दवाखान्यात तू तासभर स्कार्फ सोडला नाहीस आणि डॉ. अमृताने तासभर तुला घाई केली नाही, म्हणून मला ती मुलगी आवडते. तिची आई माझ्या ऑफिसातली. ही लहानपणी आमच्या स्विचबोर्डखाली झोपायची. आता त्वचेची डॉक्टर आहे आणि मलाच दटावते.

ती तिथे जे म्हणाली ते पुन्हा लिहिते, कारण तू खाली मान घालून बसली होतीस. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. ते औषध आहे, डॉक्टरने सांगितलं तर उपयोगाचं. पण कुणीही उठून तोंडाला लावायचं नसतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, आणि सोडायला जावं तर चेहरा पेटतो. तू सोडत नव्हतीस असं नाही, ते तुला सोडत नव्हतं. बरं व्हायला महिने लागतील आणि बरं होण्याआधी काही आठवडे चेहरा जास्तच लाल दिसेल. पण बरं होईल. अमृता उगाच गोड बोलणारी नाही.

आता मागच्या रांगेविषयी. मला लहानपणी शिकायला शहरात ठेवलं होतं, तिथे छावणीतल्या कॉन्व्हेंटात दर नाताळला येशूजन्माचं नाटक व्हायचं. मेरी व्हायची कुणा साहेबाची गोरी मुलगी. मी पाचवीत उंट झाले. सहावीतही उंट. सातवीत मी सिस्टरना विचारलं की उंटाला बढती असते का, तर मला वर्गाबाहेर उभं केलं. त्या रात्री मी चेहऱ्याला साय आणि साखर चोळून झोपले. रंग होता तसाच राहिला, उशीवर मुंग्या मात्र आल्या. म्हणून म्हणते, मला सगळं कळतं.

अमृता सांगते की तुझ्यासारख्या मुली तिच्याकडे रोज येतात. म्हणून मी ठरवलं आहे की तुझ्याच शाळेत, पाचवी ते आठवीच्या मुलामुलींसाठी, त्वचेची काळजी या विषयावर कार्यक्रम घ्यायचा. मुख्याध्यापकांना भेटले. शनिवार, २१ तारीख ठरली. अमृता बोलेल, प्रश्नांना उत्तरं देईल, मग मुलांना तपासेल. सगळ्यांना पटांगणात ओळीने उभं करायचं, डॉक्टर ओळीतून फिरेल आणि ज्यांच्या चेहऱ्यावर काही आहे त्यांना वेगळ्या ओळीत घेईल. झटपट काम. सगळ्या शाळेला कळलं की तुला कुणी काही बोलणार नाही आणि तू परत जाशील.

आणि त्या मॅडमविरुद्ध गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहून ठेवला आहे. दोन पानं, पाठपोट. कार्यक्रम झाला की पाठवते. खात्यात माझ्या अर्जांना लोक घाबरायचे.

तुझी उंटावरची,
ताईआजी


फुलंब्री
दि. ५ फेब्रुवारी

ती. ताईस राजूचा शि. सा. नमस्कार.

इकडं सगळे खुशाल असं लिहायची पद्धत आहे, पण तसं नाय. तुझं पत्र पोरीनं वाचलं, घडी घालून ठेवलं अन् जेवायला उठलीच नाय. आशानं दूध नेलं, ते पण तसंच. मी लई मागं लागलो तवा बोलली. म्हणाली, ताईआजी पण रांगच लावणार. मॅडमनं रंग बघून लावली, ताईआजी डाग बघून लावणार. अन् वेगळ्या ओळीत पहिला नंबर माझा.

ताई, तू शिकलेली, मी आपला ढेकळं फोडणारा. तुझ्यापुढं मी जन्मात तोंड उघडलं नाय. पण खळ्यात धान्य पाखडावं तसं लेकरांना पाखडू नये, एवढं मलाही कळतं. पोर घरात पण आता ओढणी घेऊन बसायली. आरशावर तिनं टॉवेल टाकलाय. प्रेरणा तो काढती, ही परत टाकती.

आशा म्हणाली की ताईंना लिवा, रागवा खुशाल, पण पोरीच्या बाजूनं रागवा. हे तिचं, माझं नाय. माझं एवढंच की कार्यक्रम नको असला तर नको. शाळेचं पुढं बघू.

चूक भूल माफ असावी. तुझी माया आटू देऊ नको.

राजेंद्र


गारखेडा
दि. ८ फेब्रुवारी

चि. अपेक्षा हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबांचं पत्र आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला सुनावलं आणि पहिल्यांदाच त्याचं बरोबर होतं, त्यामुळे मला दोनदा त्रास झाला.

रांग रद्द.

ती माझ्या डोक्यात कुठून आली ते सांगते. कॉन्व्हेंटात दर सोमवारी सकाळी तपासणी असायची. नखं, कान, मान. जिच्या मानेवर मळ दिसेल तिला सिस्टर डावीकडे उभं करायच्या आणि बाकीच्या आम्ही उजवीकडून बघायचो. आजवर ती पद्धत मला वाईट वाटली नाही. कारण सोपं आहे, माझी मान स्वच्छ असायची.

म्हाताऱ्या बाईची चूक सापडली म्हणून फार खुश होऊ नकोस. सापडली आहेच तर आता दुरुस्त कर. कार्यक्रम मी सोडणार नाही, कारण तुझ्या शाळेत आणखी किती पोरींच्या दप्तरात ती ट्यूब आहे ते तुलाही माहीत नाही. पण तो कसा करायचा ते तू सांग. आम्ही मोठ्या माणसांनी तपासायचं तेवढं तपासलं. ज्याला बघतात त्याला काय वाटतं, ते तुला माहीत आहे, मला नाही.

आणि दूध पी. आशाला मी उत्तर वेगळं देणार आहे, पण ती बरोबर बोलली.

उत्तराची वाट बघणारी,
ताईआजी


फुलंब्री
दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईआजी यांना सा. न. वि. वि.

मी दूध प्यायले. तुम्ही विचारलं म्हणून सांगते, नाहीतर मी येणारच नाही असं ठरवलं होतं.

डॉक्टरांना विज्ञानाच्या खोलीत बसवा. हजेरीच्या क्रमाने सगळ्यांनी आत जायचं. ज्यांना काही झालं नाही त्यांनीही. म्हणजे कुणाला काय आहे ते बाहेर कळणार नाही. आणि आत सगळ्यांनी सारखाच वेळ बसायचं. जो जास्त वेळ बसतो त्याला नक्की काहीतरी आहे असं बाहेरचे म्हणतात. ज्याला काही नाही त्याने डॉक्टरांशी गप्पा माराव्यात.

सरांनी, मॅडमनी, खिचडी करणाऱ्या केसरबाईंनी पण जायचं. नाहीतर पोरांना वाटतं की हे फक्त आपल्यासाठी. खिडकीला कागद लावा. आठवीची पोरं डोकावतात, त्यात ऋतुराज तर खिडकीवरच राहतो. आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन कुणाचं नाव घेऊन काही सांगायचं नाही, चांगलं पण नाही.

मी येईन की नाही ते आत्ताच विचारू नका.

आजोबा विचारायलेत की तुम्ही त्यांच्यावर चिडला का.

तुमची,
अपेक्षा


गारखेडा
दि. १५ फेब्रुवारी

चि. अपेक्षा हिला अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसंच होईल, कागदासकट. अमृताने तुझं पत्र वाचलं. मग म्हणाली की हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ती आणखी दोन डॉक्टर बरोबर आणणार आहे, म्हणजे दुपारपर्यंत उरकेल.

मुख्याध्यापकांशी मात्र भांडावं लागलं. त्यांचं म्हणणं, सगळ्यांना आत पाठवायला फार वेळ जातो. मी विचारलं की बक्षीस समारंभात पाहुण्यांच्या सत्काराला किती जातो. मग म्हणाले की मला स्वतःला त्वचेचा काही त्रास नाही. मी म्हटलं, त्वचा तर आहे ना? आता तेही जाणार आहेत.

कुठून तरी बातमी लागून एक एजंटही आला होता. मुलांना गोरं करणाऱ्या क्रीमच्या पुड्या फुकट वाटतो म्हणाला, फक्त मागे त्यांचा बॅनर लावू द्या. मी त्याला चहा दिला आणि विचारलं की बॅनरवरची ही पांढरीफटक बाई फुलंब्रीत कुठल्या गल्लीत राहते. चहा अर्धा ठेवून गेला.

ये असा आग्रह करत नाही. तुझ्यासाठी खुर्चीही राखून ठेवणार नाही. ती रिकामी दिसली तर माझ्या डोळ्यांत पाणी येईल, आणि मी चारचौघांत रडत नाही.

राजूला सांग, चिडले होते. आता नाही.

तुझ्या हुकमाची ताबेदार,
ताईआजी


फुलंब्री
दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईआजी यांना अपेक्षाचा नमस्कार वि. वि.

काल मी आले होते. तुम्ही हॉलमध्ये माईक घेऊन आठवीच्या पोरांना गप्प करत होता, तेव्हा मी मागच्या दाराजवळ होते, स्कार्फ बांधून. आई बरोबर होती. तुम्हाला दिसले नाही ते बरं झालं, नाहीतर तुम्ही माईकवरून हाक मारली असती.

ऋतुराजने पुळीवर टूथपेस्ट लावावी का विचारलं आणि डॉक्टर म्हणाल्या की पुळीच्या औषधाने तू दात घासशील का, तेव्हा मी पण हसले. लिंबू पिळून चेहऱ्याला लावतो असं म्हणणारी पोरं एवढी असतील असं मला वाटलं नव्हतं. एकच टॉवेल घरात सगळे वापरतात म्हणून गजकर्ण पसरतं, हे आईने लगेच मनावर घेतलं. आज आमच्याकडे प्रत्येकाचा टॉवेल वेगळा आणि आजोबा सारखे चुकीचा घेतात.

माझा नंबर आला तेव्हा मी आत गेले. सगळे जात होते, त्यामुळे कुणी वळून पण बघितलं नाही.

आता जे लिहिते ते तुम्ही कुणालाच सांगायचं नाही, डॉक्टरांना पण नाही. बाहेर आल्यावर मी पाण्याच्या टाकीमागच्या पायरीवर जाऊन बसले, कारण कापड टोचत होतं आणि मला स्कार्फ सैल करायचा होता. थोड्या वेळाने गॅदरिंगच्या मॅडम आल्या. त्या पण नुकत्याच आतून आल्या होत्या. मला वाटलं शाळा बुडवल्याबद्दल बोलतील. त्या शेजारी बसल्या आणि विचारलं की रात्री जास्त आग होते का. मी हो म्हटलं. मग विचारलं की गार पाण्याने बरं वाटतं की ओल्या फडक्याने. मी सांगितलं, ओल्या सुती फडक्याने, पण पुसायचं नाही, नुसतं ठेवायचं.

तेव्हा मी त्यांच्याकडे जवळून बघितलं. पावडरच्या खाली त्यांच्या गालावर तशाच बारीक लाल शिरा आहेत, जशा माझ्या आहेत. त्या म्हणाल्या की लग्नाआधी पाहुणे बघायला आले, त्याच्याही आधीपासून त्या क्रीम लावतात. त्यांच्या सासरी कुणी त्यांचा खरा चेहरा पाहिलेला नाही. सोडायचं म्हटलं की चेहरा लाल होतो आणि घरचे विचारतात काय झालं, म्हणून परत लावतात. काल डॉक्टरांना त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, कारण आत सगळ्यांनाच जायचं होतं. आता डॉक्टरांनी सांगितलं तसं कमी करत जाणार आहेत.

पिवळ्या ड्रेसचं त्या काही बोलल्या नाहीत. मीही तो विषय काढला नाही.

ताईआजी, तो अर्ज पाठवू नका. त्यांनी मला मागं केलं ते मला अजून आवडलेलं नाही आणि आवडणार पण नाही. पण पाठवू नका.

उद्यापासून मी शाळेत जाते. आईला वाटतं तुमच्या भाषणामुळे, तर वाटू द्या. डॉक्टर म्हणाल्या ना की बरं होण्याआधी काही आठवडे जास्त लाल दिसतं. मला निदान त्याची सवय झालीय. मॅडम पहिल्यांदाच तशा येणार, आणि मी घरी बसले तर अख्ख्या शाळेत त्या एकट्याच लाल दिसतील.

लोभ असाच राहू द्या, जास्त झाला तरी चालेल.

तुमची,
अपेक्षा


गारखेडा
दि. २५ फेब्रुवारी

चि. अपेक्षा हिला अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मी विश्वजीतला लवकर घरी पाठवून दिलं. त्याला वाटलं मला बरं नाही. मला बरंच होतं, पण कुणी समोर नको होतं.

सोमवारी गेलीस, मंगळवारी गेलीस, हे आईने कळवलं. एका पोराने तुला टोमॅटो म्हटलं आणि तू त्याला भाव विचारलास, हेही कळवलं. हे तू माझ्याकडून घेतलं आहेस. तुझ्या आजोबांकडे असलं काही नाही.

अर्ज पाठवला नाही. फाडलाही नाही, मी फाडाफाडी करणारी बाई नव्हे. कपाटात राहील. एका बाईला तिच्या घरात चेहरा लपवून जगावं लागतं म्हणून तिने चार पोरींना मागे ढकलायचं, हे मला पटत नाही, आणि तुझं मन मोठं आहे म्हणून माझंही व्हावं अशी अपेक्षा धरू नकोस. मी कुणाला काही बोलणार नाही. अमृताला तर नाहीच. आणि तिनेही मला एक अक्षर सांगितलेलं नाही, तुझ्या नियमाप्रमाणे.

अमृता एकच गोष्ट सारखी बजावते, ऊन टाळा. आता मार्च लागेल आणि तुमच्या शाळेच्या रस्त्याला एक झाड नाही. म्हणून विश्वजीतबरोबर दोन छत्र्या पाठवते आहे. गुलमंडीवर जाऊन आणल्या. दुकानदार म्हणाला, खालाजान, फेब्रुवारीत छत्री कोण घेतं? मी म्हटलं, ज्यांना अक्कल आहे ते. निळी तुझी. तपकिरी, बेढब, मोठी, ती तुझ्या मॅडमची. तीच मुद्दाम निवडली, एवढा राग मला ठेवू दे. कुणी दिली विचारलं तर सांग, घरात जास्तीची होती.

सगळ्यांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद. राजूला वेगळ्या रंगाचा टॉवेल घ्या.

तुझी, तुझीच,
ताईआजी

ता. क. पाकीट बंद करण्याआधी दोन्ही छत्र्या उघडून पाहिल्या. तपकिरी मध्येच अडकत होती. दुपारी परत गुलमंडीवर गेले, भांडले आणि बदलून आणली. बेढब असली तरी ऐन उन्हात उघडली पाहिजे.